चित्रकाचा आफ्रिकी भाऊबंद

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल गावात, एका घराच्या मागच्या खोलीत माझे एक मूळ सुरीने कापण्यात आले. मूळ बोटभर लांब होते. घरात त्या वेळी दोघेच होते: नागपूरहून आलेले कमलाकर आबा आणि त्यांची सोळा वर्षांची नात तनू. तनूचे आईवडील, रवी आणि शिल्पा, मेडनहेडला एका मित्राच्या नव्या घराच्या पूजेला गेले होते. दुपारपर्यंत तनूच्या मनगटावर फोड आला होता.

मित्रांनो, ते मूळ ज्याचे, तो मी. कुंडीतला जुना प्लंबॅगो. फिकट निळ्या फुलांचे, वेलीसारखे हातपाय पसरणारे झुडूप. काचेच्या ज्या खोलीला इथे कन्झर्व्हेटरी म्हणतात, तिच्या कोपऱ्यात मी राहतो. या घरातली माणसे याच खोलीत जेवतात, भांडतात आणि भारतात फोन लावतात. मी जे सांगणार आहे ते माझ्यासमोर घडलेले किंवा माझ्यासमोर बोलले गेलेले आहे. त्यापलीकडचे मला माहीत नाही.

माझे कूळ दक्षिण आफ्रिकेचे. तिथे माझे भाऊबंद काटेरी झुडपांच्या आधाराने उन्हात वाढतात. मी मात्र आफ्रिका पाहिलेली नाही. एका इंग्लिश नर्सरीत फांदीच्या तुकड्यापासून माझा जन्म झाला. या देशात जन्मायचे आणि ओळख दुसऱ्या देशाची सांगायची, अशी माणसे या घरातही आहेत. तनू तशीच.

मला विकत घेणाऱ्या बाई या घराच्या आधीच्या मालकीण. हिवाळा सरताना त्या माझी निर्दयपणे छाटणी करत आणि उन्हाळ्यात मी त्याची परतफेड फुलांनी करत असे. माझ्या फुलांच्या देठाशी चिकट लव असते. त्यांची नातवंडे ती फुले कानाच्या पाळीला चिकटवून घरभर मिरवत. पुढे बाई वृद्धाश्रमात गेल्या, घर विकले गेले, आणि फर्निचर उचलणाऱ्यांना मी जड वाटलो म्हणून इथेच राहिलो.

रवी आणि शिल्पा दोघेही संगणकाच्या नोकरीतले. पहिल्या हिवाळ्यात या खोलीचा हीटर बंद राहिला. माझी पाने गळली, खोडावर पांढरे पिठ्या ढेकूण बसले. रवीने मला कचऱ्यात द्यायचे ठरवले होते. तेव्हा तनू दहा-अकरा वर्षांची असेल. तिने कुठलासा व्हिडिओ पाहून कात्री आणली, मला गुडघ्याच्या उंचीपर्यंत छाटले, आणि जुन्या टूथब्रशने एकेक कीड घासून काढली. त्या उन्हाळ्यात मला इतकी फुले आली, की गणपतीत मखर माझ्याच फुलांनी सजले. देवाला मात्र वाहिली नाहीत. शिल्पाचे म्हणणे, ज्या फुलाची माहिती नाही ते देवाला वाहू नये.

यंदा एप्रिलमध्ये आबा आले. शाळेत तीस-बत्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून भिंग काढले आणि माझ्यासमोर बैठक मारली.

"आबा, चहा गार होतोय," शिल्पा म्हणाली. "झाडाशी ओळख निघाली वाटतं?"

"निघाली! हा तर आपल्याकडचा निघाला. चित्रक आहे हा."

"आबा, टॅगवर साउथ आफ्रिका लिहिलंय," रवी लॅपटॉपमागून म्हणाला.

"आणि नाव काय लिहिलंय? प्लंबॅगो. चित्रकाचं शास्त्रीय नावही प्लंबॅगोच. अरे, आडनाव एक आहे. पत्ता आफ्रिकेचा असेल, घराणं आपलंच."

"तुम्ही त्याला भिंगातून नका बघू ना, आबा," तनू म्हणाली. "तो लाजतो."

सगळे हसले. मित्रांनो, आबांचे अर्धे बरोबर होते. भारतातला पांढऱ्या फुलांचा चित्रक माझा भाऊबंदच आहे. त्याचे मूळ आयुर्वेदात शेकडो वर्षे वापरात आहे. पण आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारायचे, मग गाव, आणि तेवढ्यावर नाते जुळवून मोकळे व्हायचे, ही जी सवय असते, तीच आबांनी मला लावली. शिवाय त्यांनी कुठे तरी ऐकले होते, की जुन्या वैद्यांनी निळ्या-काळ्या फुलांचा एक दुर्मीळ चित्रक सांगितला आहे आणि तो पांढरे केससुद्धा काळे करतो. तो दुर्मीळ चित्रक आपल्याला सुनेच्या घरात, कुंडीत सापडला, असे त्यांच्या मनाने घेतले.

यात तोपर्यंत कोणाचे काही बिघडले नव्हते.

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर तनू टेबल पुसत होती. बाही वर सरकली आणि तिच्या डाव्या मनगटावरचा पांढरा डाग आबांना दिसला.

"हे कधीपासून?"

"मॉरिशस? लास्ट इयरपासून." डागाचा आकार त्या बेटासारखा आहे, असे तिच्या मैत्रिणींनी ठरवले होते. "पायावर पण एक आहे. तो छोटा आहे, त्याला नाव नाही दिला अजून."

आबांचा चेहरा उतरला. ते रवीकडे वळले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. आवाज खाली आणला की तनूला मराठी कळत नाही, असा त्यांचा समज असावा.

"कोड आहे रे हे."

"माहीत आहे, आबा," उत्तर शिल्पाने दिले. "इथल्या जीपी डॉक्टरांनी पाहिलंय. मलम चालू आहे. स्किनच्या डॉक्टरांची वेटिंग लिस्ट आहे, नंबर लागेल."

"मुलीची जात आहे, शिल्पा. उद्या लग्नाचं पाहायला लागलो तर..."

"उद्या तिचा केमिस्ट्रीचा पेपर आहे, आबा. लग्न नाही."

"जाऊ द्या ना आबा," रवी म्हणाला. "इथे कोणी बघत नाही असलं काही."

तनू टेबल पुसतच राहिली. पुसलेलेच टेबल तिने पुन्हा पुसले. पुढच्या आठवड्यात हवा गरम झाली, शेजारची मुले अर्ध्या चड्डीत फिरू लागली, आणि तनू मला पाणी घालायला आली ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.

आबा दुष्ट नव्हते. ते रोज तनूच्या टिफिनला सफरचंद कापून देत आणि ते काळे पडू नये म्हणून लिंबू चोळत. एका दुपारी तनूने त्यांना सरळच विचारले, "आबा, तुम्ही इतके का घाबरले?"

तेव्हा त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीची, सुप्रभाची हकिकत सांगितली. तिच्या ओठांवर आणि बोटांवर कोड होते. दोनदा ठरत आलेले लग्न मोडले. घरात कार्य निघाले की स्वयंपाक तिच्या हातचा चाले, पण पंगतीत वाढायला तिला कधी उभे केले नाही. भात तिने शिजवायचा, आणि वाढायचा दुसरीने. ती पोस्टात नोकरी करून एकटी राहिली आणि एकटीच गेली.

"पण ते कॅचिंग नसतो ना? कोणाला लागत नाही."

"नाही लागत. मी वर्गात शिकवायचो तसं. पण घरच्या पंगतीत मी तोंड उघडलं नाही." आबांनी भिंग खिशात ठेवले, पुन्हा बाहेर काढले. "तुझ्या बाबतीत काही करता येत असेल, तर मला करायचं आहे, बेटा. कोडावर चित्रकाचं मूळ लावतात, असं मी ऐकलंय."

तनूने माझ्याकडे पाहिले. परीक्षा संपल्यावर शाळेचा प्रॉम होता, म्हणजे निरोपाचा नाचगाण्याचा समारंभ. त्यासाठी आईने बिनबाह्यांचा हिरवा ड्रेस आधीच घेऊन ठेवला होता.

"प्रॉमच्या आधी जाईल?"

"जाईल ना बाप्पा."

म्हणून त्या रविवारी, घरात कोणी नसताना, आबांनी माझ्या बुंध्याजवळची माती अलगद उकरली. वर्तमानपत्र पसरले, मातीत बोटे घालून जाडसे मूळ निवडले आणि कापले. कापणाऱ्याचा हात सराईत होता. मूळ धुतले, साल खरवडली, आणि नागपूरहून चंदनासाठी आणलेल्या सहाणेवर दुधात उगाळली.

"दुखेल?" तनूने विचारले.

"चुरचुरेल. मग फोड येतो. फोड गेला की खालून नव्या रंगाची कातडी येते. आमच्याकडे जाणती माणसं असंच करायची."

"आईला विचारू?"

आबांनी सहाणेवरून मान वर केली नाही. "आईला सरप्राइज देऊ."

त्यांनी लेप मॉरिशसवर लावला आणि वरून सुती फडक्याची पट्टी बांधली.

आता माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. माझ्या मुळांत प्लंबॅजिन नावाचे एक पिवळे द्रव्य असते. गुरांनी आणि किड्यांनी मला खाऊ नये म्हणून ते असावे. माझ्या मूळ मुलखातली माणसे मला पिढ्यान्‌पिढ्या औषधी मानत आली आहेत. डोकेदुखीवर मुळाची पूड तपकिरीसारखी ओढायची, चामखिळीवर लावायची, मोडलेल्या हाडावर आणि जखमेवर वापरायची. वाईट स्वप्ने पडू नयेत म्हणून माझे औषध देऊन उलटी करवतात, आणि वीज पडू नये म्हणून माझी काडी छपरात खोचतात. यातले काही गुण खरे असतील. प्रयोगशाळांतून प्लंबॅजिनवर काम चालते, पण काचेच्या नळीत जे घडते ते माणसाच्या अंगात तसेच घडेल असे नाही. पक्के माहीत आहे ते एवढेच: हे द्रव्य कातडीला लागले तर ती भाजते, पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते, आणि गरोदर बाईला तर माझ्या भाऊबंदांपासून जुने वैद्यही लांब ठेवतात. लोक पूर्वापार वापरत आले, एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही.

अर्ध्या तासाने तनू म्हणाली, "आबा, काढू का?"

"थोडं थांब. गुण यायला वेळ लागतो."

तिने ओठ आवळले. आबा तिच्याकडे इतक्या आशेने बघत होते, की तिने पुन्हा विचारले नाही. पेपरचा अभ्यास समोर ठेवून ती बसली, पण पान उलटल्याचे मी पाहिले नाही. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा आबांनीच घाईघाईने पट्टी सोडली. मनगट सुजून लाल झाले होते. नळाखाली धरूनही आग थांबेना. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यावर लिंबाएवढा फोड टरारला आणि लाली डागाच्या सीमा ओलांडून कोपराकडे निघाली.

शिल्पा आत आली ती हातात प्रसादाचा डबा घेऊन. "तनू, शिरा मस्त झालाय, चमचा आ..." ती थांबली. "हे काय आहे?"

"चित्रक लावलाय," आबा म्हणाले. "फोड अपेक्षितच होता, घाबरायचं..."

"कोणाला अपेक्षित होता, आबा?"

रवीने सरकारी आरोग्यसेवेचा १११ नंबर लावला. पलीकडून झाडाचे नाव विचारले गेले, तेव्हा त्याने माझा टॅग शेवटपर्यंत वाचून दाखवला. पहिला शब्द, दुसरा शब्द आणि देश. माझी एक फांदी आणि सहाणेवरचा उरलेला लेप त्याने सँडविचच्या पिशव्यांत भरला आणि तिघे हॉस्पिटलला गेले. आबांना कोणी चला म्हणाले नाही. ते माझ्यासमोर बसून राहिले. उघडी पडलेली माझी मुळे त्यांनी मातीत झाकली आणि हात साबणाने खूप वेळ धुतले.

परत आल्यावर शिल्पाने सगळे उभ्याउभ्याच सांगितले. रसायनाने भाजल्यासारखी जखम आहे. खोल आहे. व्रण राहू शकतो. आणि कोड असलेल्यांच्या कातडीला इजा झाली, की कधी कधी त्याच जागी नवा पांढरा डाग उमटतो. तसे होईल की नाही, हे बरे झाल्याशिवाय कळणार नाही.

"आणि त्यांनी दोनदा विचारलं, पोटात काही गेलंय का. नाही ना गेलं, आबा?"

आबा खुर्चीत बसले. "नाही. पुढच्या आठवड्यापासून मधातून देणार होतो."

शिल्पाने प्रसादाचा डबा उचलला आणि ती आत गेली.

दोन दिवसांनी तिने आपल्या मावसबहिणीला व्हिडिओ कॉल लावला. श्रद्धा पुण्यात वैद्य आहे. तिने फोन माझ्यापुढे धरायला लावला, मग आबांपुढे.

"काका, कच्चं मूळ लावलंत? आम्ही चुन्याच्या निवळीत शुद्ध केल्याशिवाय चित्रक वापरत नाही. आणि कोडावर स्वतःच्या मनाने तर कोणीच लावू नये."

"पण कूळ तर तेच आहे ना?"

"तुमच्या आडनावाची नागपुरात किती घरं असतील, काका? सगळ्यांकडे न विचारता जेवायला जाता का?"

एरवी आबा हसले असते. "नाही जात," ते म्हणाले. "पण खरा चित्रक असता तर?"

"तरी भाजलंच असतं."

त्या शनिवारी रवीने मला उचलून बाहेर, कचऱ्याच्या डब्यांजवळ नेऊन ठेवले. बागेचा कचरा नेणारी गाडी सोमवारी येते. मी दोन रात्री बाहेर होतो. सोमवारी सकाळी तनू पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दारात आली.

"हा झाड आत येणार."

"तनू, त्याच्यामुळेच..."

"त्याने काही नाही केला, बाबा. तो नुसता उभा होता."

एका हाताने तिला कुंडी हलेना. मला आत आणायला रवीलाच यावे लागले.

तनूने उरलेले पेपर दिले. प्रॉमला ती गेली. हिरवा ड्रेस कपाटात राहिला आणि शिल्पाची लांब बाह्यांची रेशमी कुर्ती तिने घातली. व्हिसाची मुदत संपायच्या आधी आबा परत निघाले. निघायच्या आदल्या दिवशी ते माझी वाळलेली पाने वेचत होते, हातात शिल्पाचे रबरी मोजे घालून. तनू बाजूला येऊन बसली.

"आबा, मी रागावली नाही. पण एक सांगू? आधी मला तो दिसायचाच नाही. तो होता, बस. तुम्ही बघितला ना, मग मला पण दिसायला लागला. सारखा."

आबांनी हातातली पाने डब्यात टाकली.

"सुप्रभालाही आम्हीच दाखवला असेल," ते म्हणाले.

मित्रांनो, माझे म्हणणे थोडक्यात असे. मला तोडू नका, पण मला घाबरूनही जगू नका. मला पाणी घाला, माझी छाटणी करा, छाटल्यावर हात धुवा. माझी फुले कानाला लावायची तर खुशाल लावा. ती तोंडात घालू नका. कुठल्याही झाडाचे मूळ अंगाला लावण्याआधी किंवा पोटात घेण्याआधी त्याचे पूर्ण नाव विचारा, आणि जाणकाराला विचारा. आणि ज्याच्या अंगावर ते लावायचे, त्याला खरेच काही दुखते आहे का, की दुखणे आपले आहे, हे त्याच्याही आधी विचारा.

आता नोव्हेंबर आहे. हीटर चालू आहे. गेल्या मंगळवारी तनू तपासणीला जाऊन आली. जखम पूर्ण भरली आहे. तिच्या मधोमध, जिथे मॉरिशस होते तिथे, मोहरीएवढे काही तपकिरी ठिपके आले आहेत. बाहेरच्या कडेला, जिथे पूर्वी रंग होता तिथे, एक बारीक पांढरी रेघ उमटली आहे. ठिपके पसरतील की रेघ, हे आत्ता सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे.

काल नागपूरहून आबांचा फोन आला. तनूने बाही वर करून मनगट कॅमेऱ्यासमोर धरले. आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ आले.

"तुला दिसतंय का काही, बेटा?" त्यांनी विचारले.

"दोन्ही दिसतंय, आबा," तनू म्हणाली.